येण्याचं कारण

दारावर पाटी आहे : प्रवेश विनामूल्य.
लोक थबकतात, वाचतात,
मग मला विचारतात, "म्हणजे किती?"

फुकट, मी सांगतो.
फुकट म्हटलं की माणूस आधी मागं वळून बघतो
आणि मग चपला काढतो.
काढायची गरज नाही, हे सांगायचं मी सोडून दिलंय.
शहाबादी गार आहे. पायांना तेवढंच.

रजिस्टरात चार रकाने : नाव, गाव, वेळ, येण्याचं कारण.
चौथा कुलसचिवांनी घालायला लावला.
दुपारी चित्रं बघून बघून पाठ झाली
की मी तोच वाचत बसतो.

बुधगाव : पोरीचा फॉर्म भरायचाय, साहेब जेवायला गेलेत.
कवलापूर : ऊन.
माधवनगर : आत पंखा आहे असं कळलं.
तुंग : एस.टी. चुकली.
हरिपूरच्या एकानं "सहज" लिहून खोडलं,
वर "अभ्यास" लिहिलं.
चित्रं बघायला, असं कुणी लिहीत नाही.
माझ्या नोकरीच्या अर्जात मी तरी काय लिहिलं होतं?
घर जवळ पडतं.

खालच्या दालनात भिंतीवर एक रेघ आहे,
माझ्या छातीइतकी उंच, चहाच्या रंगाची.
दोनदा रंग मारला, दोनदा ती वर आली.
पुराच्या त्या रात्री आम्ही चित्रं जिन्यावरून वर नेली,
घोरपडे सर एक, मी एक, कँटीनचा अस्लम दोन-दोन,
राजा उलटा, बैल आडवा,
आणि मागून पायरी-पायरीनं कृष्णा.
तिलाही प्रवेश विनामूल्य.

शाळेची पोरं आता चित्रांपुढनं पळतात
आणि रेघेपाशी थांबतात.
पाठ टेकवून उंची मोजतात.
"मी बुडालो असतो!"
एक जण सांगतो, केवढ्या आनंदानं.

गौसबी मुजावर रोज येतात, दीड ते दोन.
मार्केट यार्डात हळद निवडतात, ही जेवणाची सुट्टी.
रजिस्टर पुढं केलं की म्हणतात,
"लिवा तुम्हीच, वरच्यावाणी."
म्हणून कधी त्यांचं कारण ऊन असतं,
कधी एस.टी.,
एकदा पीएच.डी. होतं.

वरच्या दालनात कोपऱ्यात एक जुनं तैलचित्र आहे.
खळ्यात हळकुंडांचा ढीग, शेजारी पाठमोरा माणूस.
चित्रकार अज्ञात.
पहिल्या दिवशी त्या त्याच्यापुढं उभ्या राहिल्या,
नाक थोडं पुढं केलं,
मान हलवली.
"हे वाजायचं न्हाई."
काय?
"हळकुंड. नीट वाळलेलं मोडलं की टण् करतंय.
ह्यात वल हाय अजून.
घाई केली बघा ह्यानं. आठ दिस ऊन द्यायला पाहिजे हुतं."

घोरपडे सरांना सांगितलं. ते हसले.
मग चष्मा काढून त्या चित्रापुढं बराच वेळ गेले,
आणि खाली येऊन कुणाशीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही.
एकदा मी विचारलंच, रोज तेच काय बघता?
त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं
जसं पाटी वाचून "म्हणजे किती" विचारणाऱ्याकडं मी बघतो.
"वाळतंय का ते बघती."

हे मी रजिस्टरात लिहिलेलं नाही.

मार्चअखेर कागद आला : वर्षभरातील अभ्यागत संख्या कळवावी.
तोच इसम पुन्हा आल्यास एकदाच धरावा.
मी बसलो मोजत. पानं पुसट, बोटाला थुंकी.
तुंग एक. हरिपूर एक.
मुजावर गौसबी, एकशे चौदा वेळा वरच्यावाणी,
एक.

दीड वाजायला आला होता.
उठून वरच्या दालनाची खिडकी उघडली,
पश्चिमेची.
ऊन तिथवर पोचत नाही, मला माहीत आहे.